पियानोची ऑडिशन: पीस निवडताना या चुका टाळा

दरवर्षी जून-जुलैत पुण्यातल्या माझ्या क्लासला बारावीतलं एखादं तरी मूल प्रवेशाच्या ऑडिशनला वाजवायच्या पीसची, म्हणजे रचनांची, यादी घेऊन येतं. परदेशातल्या कॉलेजात पियानो शिकायला जायचं असतं आणि यादीत फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराचं महाअवघड 'ला कांपानेला' हमखास असतं. "सर, हे वाजवलं की परीक्षकांचं पॅनेल गार!" गार कोण होतं, ते फेब्रुवारीत, ऑडिशनला कळतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, न झेपणारा पीस निवडणं. रात्री दहाला, पाचव्या प्रयत्नात झकास वाजलेला पीस आपण आपला समजतो. ऑडिशनला मात्र प्रयत्न एकच, पियानो अनोळखी आणि बोटं थंडीनं आखडलेली. म्हणून मुलांना सांगतो, आठवडाभर सकाळी उठल्या उठल्या, बोटं मोकळी न करता पीस एकदाच वाजवायचा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून. सातही दिवस तो न थांबता शेवटाला पोचला, तर यादीत ठेवायचा. तीनच दिवस पोचला, तर कितीही आवडता असो, पुढच्या वर्षी.

एका विद्यार्थिनीनं संगीतकार शोपॅंचा 'रेव्होल्युशनरी' एट्यूड (एखादं तंत्र घोटून घेणारी रचना) धरला होता, ओपस १०, क्रमांक १२. ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक. घरी हलक्या पट्ट्यांचा डिजिटल पियानो. त्यावर डाव्या हाताच्या धावा पाण्यासारख्या जायच्या. ऑडिशनच्या दोन महिने आधी ओळखीतल्या एकांच्या ग्रँड पियानोवर बसवलं, तर दुसऱ्या पानावरच मनगट आवळलं. स्वर गळायला लागले आणि ते झाकायला तिनं स्वर लांबवणारं पेडल दाबून धरलं. मग सगळाच चिखल. तिची खरी ताकद होती उजव्या हाताची करंगळी, ती गायची. शेवटी ओपस २५ चा पहिला एट्यूड घेतला. त्यात सुरावट करंगळीवर असते आणि बाकीचे स्वर खाली नुसते झुळझुळतात. अवघड तोही आहे, पण त्या मुलीच्या हाताला मानवणारा. तेव्हा पीस नक्की करण्याआधी निदान तीन-चार वेळा खऱ्या, जड पट्ट्यांच्या पियानोवर वाजवून बघाच.

कॉलेजचे ऑडिशनचे नियम नीट न वाचणं ही दुसरी चूक, आणि यात पालकही फसतात. 'शोपॅंचा एक एट्यूड' असं लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरात संथ एट्यूड वगळलेले असतात. ओपस १० मधले ३ आणि ६, ओपस २५ मधला ७ हे अनेक ठिकाणी चालत नाहीत. बेथोव्हेनच्या ओपस ४९ च्या दोन छोट्या सोनाटांचंही (सोनाटा म्हणजे अनेक भागांची रचना) बऱ्याचदा तेच. सोनाटा फॉर्ममधला, म्हणजे सुरावटी मांडून, फुलवून शेवटी परत आणणाऱ्या बांधणीतला, जलद भाग मागितला असेल, तर बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचा प्रसिद्ध पहिला भाग बाद. तो संथ आहे. मोत्सार्टची सोनाटा के. ३३१ ('के.' हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) तर खास सापळा. तिचा पहिला भाग व्हेरिएशन्सचा, म्हणजे एकाच सुरावटीच्या बदलत्या रूपांचा, शेवटचा 'टर्किश मार्च', आणि तिन्ही भागांत सोनाटा फॉर्म कुठंच नाही! माझं मत विचाराल तर बेथोव्हेनची ओपस २ क्रमांक १ किंवा ओपस १० क्रमांक १ घ्या. दोन्हींत नाट्य भरपूर आहे आणि हाताला पेलतात.

बाखच्या बाबतीत प्रिल्यूड आणि फ्यूग अशी जोडी असते. प्रिल्यूड ही सुरुवातीची मोकळी रचना, फ्यूगमध्ये एकच सुरावट अनेक आवाज एकामागून एक उचलतात. मुलं प्रिल्यूड आवडला म्हणून जोडी उचलतात आणि फ्यूगला अडकतात. अशा जोड्यांच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' या संग्रहाच्या १७२२ च्या पहिल्या भागात सी मायनरची फ्यूग तीन आवाजांची आहे, सी शार्प मायनरची पाच. आधी फ्यूग बघा. मधला आवाज हरवत असेल तर तो तोंडानं गा आणि उरलेले वाजवा. गाता आला नाही, तर तो तुम्हाला ऐकूच येत नाहीये.

ऑडिशनमध्ये सुरुवातीचा पीस सहसा तुम्हीच निवडता, पुढचे पॅनेल सांगतं. पहिला एट्यूड ठेवू नका, हात तापायचे असतात. मध्येच "थँक यू" म्हणून थांबवलं तर घाबरू नका. वेळ कमी असतो, एवढंच. "रिकॅपिट्युलेशनपासून (सुरुवातीची सुरावट परत येते तिथून) वाजवा" असंही सांगतात. आमची बरीच मुलं फक्त पहिल्या मापापासून सुरू होतात, धक्का मारून सुरू कराव्या लागणाऱ्या स्कूटरसारखी. प्रत्येक पीसमध्ये सहा-आठ ठिकाणं पक्की करा आणि रोज उलट क्रमानं तिथून उचला. पाठ विसरलात तरी पुढच्या ठिकाणावर उडी मारता येते.

राहता राहिलं वेळापत्रक. ब्रिटनमधल्या बऱ्याच संगीत महाविद्यालयांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी पहिल्या चाळणीचे व्हिडिओ १ डिसेंबरपर्यंत लागतात, तेही एका पीसमध्ये काटछाट न करता. म्हणजे गणपतीनंतर नवीन पीस धरायचा नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, त्यामुळे हवा कोरडी झाली की आधी ट्यूनिंग करून घ्या आणि रेकॉर्डिंग दिवाळीच्या आत उरका. आमचा हायडनचा एक चांगला झालेला पीस शेवटच्या ओळीत लवंगी माळेनं खाल्ला होता.