इम्पॅक्ट फॅक्टरचे आकडे वाचताना या चुका टाळा

मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्राध्यापकांच्या बढतीच्या फायली तपासून देण्याचे काम माझ्याकडे येते. दर जूनमध्ये जर्नलांचे नवे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यांतल्या लेखांना सरासरी किती उद्धरणे (इतर लेखांतले संदर्भ) मिळाली ते सांगणारे आकडे, जाहीर झाले की त्याच त्या चुका माझ्या टेबलावर येऊन पडतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे निरनिराळ्या विषयांचे इम्पॅक्ट फॅक्टर एकाच रकान्यात मांडून उतरत्या क्रमाने लावणे. काही वर्षांपूर्वी एका निवड समितीसाठी असाच तक्ता तयार झाला होता. जीवरसायनाच्या उमेदवाराचे जर्नल 2.9 घेऊन वर बसले, तर गणिताच्या बाईंचे 0.9 तळाशी गेले आणि कोणीतरी त्यांच्या नावासमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्हही काढले. मी दोन्ही जर्नलांचे आपापल्या विषयातले स्थान उघडून दाखवले, तेव्हा गणिताचे वरच्या अर्ध्या भागात आणि जीवरसायनाचे खालच्या अर्ध्या भागात निघाले. प्रश्नचिन्ह खोडले गेले, पण तक्ता करणाऱ्या गृहस्थांना अखेरपर्यंत वाटत होते की मी पक्षपात करतो आहे.

कारण साधे आहे. मागील दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात मिळालेली उद्धरणे भागिले त्या लेखांची संख्या, एवढाच हा आकडा असतो. जीवशास्त्राच्या लेखाखाली पन्नास-साठ संदर्भ सहज असतात आणि त्यांतले बरेच ताजे असतात. गणितात संदर्भ मोजके, त्यातही कित्येक दहा-वीस वर्षांपूर्वीचे, त्यामुळे लेखाची खरी दखल घेतली जाईपर्यंत दोन वर्षांची खिडकी बंद झालेली असते. ‘त्या विषयात माणसे जास्त, म्हणून आकडा मोठा’ हे स्पष्टीकरण मला रोज ऐकावे लागते आणि ते अपुरे आहे, कारण माणसे वाढली की भागाकारातले लेखही वाढतात. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे गणितातले अत्यंत मानाचे जर्नल एक अंकी आकड्यावर असते, तर कर्करोगावरचे एक जर्नल शेकड्यांत जाते, कारण त्यातली वार्षिक आकडेवारी त्या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक जण उद्धृत करतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतही विज्ञानापासून मानव्यविद्यांपर्यंत मोजपट्टी एकच आहे: जर्नलाचा आकडा 1 पेक्षा कमी असल्यास लेखाला 10 गुण आणि 10 पेक्षा जास्त असल्यास 30. नियम म्हणून तो पाळावा लागतो. गुणवत्तेचा पुरावा म्हणून तो पुढे करू नये.

एका वर्षाच्या उडीवर विश्वास ठेवू नका. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ हे स्फटिकशास्त्राचे जर्नल 2008 मध्ये 2 च्या आसपास होते आणि 2009 मध्ये 50 च्या जवळ पोहोचले, ते शेल्एक्स या संगणकप्रणालीवरच्या एकट्या लेखामुळे.

साइटस्कोर हा असाच दुसरा आकडा, पण तो चार वर्षांवर काढतात. तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात भरू नका. इम्पॅक्ट फॅक्टरला ‘ग्लोबल’ वगैरे विशेषण लावून जर्नलांना पैसे घेऊन दिला जाणारा आकडा तर फायलीत येऊच देऊ नका.

इतिहास किंवा मराठीच्या प्राध्यापकांना ‘तुमचा आकडा किती?’ असे विचारण्यापूर्वी थोडे थांबावे. तिथे मोठे काम ग्रंथरूपाने होते, आणि कला व मानव्यविद्यांच्या सूचीतल्या जर्नलांना हा आकडा 2023 पासून मिळू लागला.

मी स्वतः आधी विषयवर्ग, मग त्यातले स्थान आणि शेवटी आकडा लिहितो. एकच जर्नल दोन विषयवर्गांत असेल, तर दोन्ही स्थाने नोंदवतो. उमेदवार नेमके सोयीचे तेवढेच कळवतात.