जुन्या आरएक्स १०० च्या वायरिंगला हात घालताय? या चुका टाळा

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल घेऊन माझ्याकडे येतं. टाकीला नवा रंग, क्रोम चकचकीत, इंजिनाचं काम झालेलं. हेडलाइटचा डूम, म्हणजे मागची वाटी, उघडला की आतून काळ्या टेपचा गोळा बाहेर येतो. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे शेवटच्या गाडीचं वायरिंगही आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेलंय. तरीही कंपनीने ओढलेली मूळ तार सहसा दगा देत नाही. दगा देतो तो जोड, आणि तोही कोणीतरी घाईत कापून जोडलेला.

पीळ मारून टेप गुंडाळणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की आता राग येतो. साताऱ्याहून एक मुलगा गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "काका, सरळ रस्त्याला मस्त चालते, पण डावीकडे वळली की बंद पडते." चार महिने तो या दुखण्याच्या मागे होता. आधी सीडीआय (प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा डबा) बदलला, मग इग्निशन कॉइल, मग प्लग. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला. गाडी फक्त डावीकडेच का बंद पडते, हा प्रश्न मात्र कोणीही विचारला नव्हता.

मी काही उघडण्याआधी गाडी चालू करून जागेवरच हँडल डावीकडे लॉकपर्यंत नेलं. बंद. परत किक, परत डावीकडे, परत बंद. मग सीडीआयकडून येणारी काळी-पांढरी तार कपलरमधून (तारांची टोकं एकमेकांत अडकवणारा प्लास्टिकचा जोड) सुटी केली आणि तेच केलं. गाडी चालूच राहिली.

यामाहाच्या वायरिंगमध्ये पांढऱ्या पट्ट्याची ही काळी तार सीडीआयकडून चावीच्या स्विचकडे जाते. चावी बंद केली की स्विच तिला अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी फ्रेमला, जोडतो आणि ठिणगी थांबते. त्यामुळे ही तार वाटेत कुठेही फ्रेमला टेकली की चावी चालू असूनही इंजिन बंद पडणार. नवा सीडीआय टाकून काय होणार? (ही तपासणी तुम्ही करणार असाल तर एक लक्षात ठेवा, तार सुटी असताना चावीने गाडी बंद होत नाही. चौथा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबून धरा आणि क्लच हळूहळू सोडा.)

टाकी उतरवली. हँडलच्या मानेजवळ टेपचा एक जाड गठ्ठा होता, गोंद उन्हाने पाघळून बोटांना चिकटत होता. आत चावीच्या स्विचचा कपलर कापून टाकलेला आणि चारही तारा एकाच जागी पिळून बांधलेल्या. काळ्या-पांढऱ्या तारेचे तांब्याचे दोन बारीक केस टेपमधून बाहेर आले होते. त्यांच्या समोर फ्रेमच्या रंगावर नखाएवढा चमकणारा ओरखडा. हँडल डावीकडे गेलं की वायरिंग ताणलं जायचं आणि ते दोन केस तिथे टेकायचे.

पीळ मारलेला जोड हवा आणि पाणी धरतो. त्या तारा मी मागे कापत गेलो तर बोटभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. काळ्या तांब्यावर कितीही चांगली पिन दाबा, उपयोग नाही. लालसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे या. तार तोकडी पडली तर त्याच रंगाचा, त्याच जाडीचा तुकडा जोडा. शेजारच्या दोन तारांचे जोड एका रेषेत घेऊ नका, बोट-दोन बोटं मागेपुढे ठेवा, म्हणजे गठ्ठा होत नाही आणि जोड एकमेकांना घासत नाहीत.

"मग सोल्डर करू का?" असं सगळेच विचारतात. मी मोटारसायकलवर सहसा करत नाही. कथील तारेत आत ओढलं जातं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपून मऊ तार सुरू होते, तिथे इंजिनाच्या थरथरीने ती तुटते. तुटते तीही प्लास्टिकच्या आत, बाहेरून काही दिसत नाही.

कपलर जुळवून न घेणे

पिन सुटत नाही म्हणून कपलर कापणारे लोक आहेत. कपलरची प्रत्येक पिन आत एका बारीक जिभलीने अडकलेली असते. समोरच्या बाजूने ती जिभली दाबली की पिन मागून अलगद येते. मी छत्रीची काडी घासून चपटी केलीय, पंधरा वर्षं तीच वापरतो. पिन परत बसवताना जिभली थोडी उचलायची, म्हणजे 'टक्' असा आवाज येतो. आवाज आला नाही तर पिन बसलेली नाही. कपलर जोडताना ती मागे सरकणार आणि तुम्ही दिवसभर दोष शोधत बसणार.

दुसरं म्हणजे मापं. पट्टीच्या पिनांत ६.३ मिलिमीटरची रुंद आणि २.८ मिलिमीटरची अरुंद अशा दोन जाती नेहमी भेटतात. गोल बुलेट पिना जपानी घराण्याच्या गाड्यांवर ३.५ किंवा ३.९ मिलिमीटरच्या, तर ल्युकासचं सामान असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांवर ४.७ च्या. दुकानदार सगळ्यांना 'बुलेट पिनच' म्हणतो. ३.९ ची नर पिन ४.७ च्या मादीत घातली की सैल बसते. मग पोरं मादी पकडीने चेपतात. ती गोलाची लंबगोल होते, पिनेला फक्त दोन ठिकाणी टेकते, तिथे तापते आणि वरची प्लास्टिकची स्लीव्ह वितळते. डूममध्ये तपकिरी पडलेली स्लीव्ह दिसली की मला आतली गोष्ट कळते.

म्हणून नर आणि मादी नेहमी एकाच ठिकाणाहून, जोडीने घ्या. जुनी पिन खिशात घालून दुकानात जा, व्हर्नियरने मोजा, तिथेच एकमेकांत घालून बघा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे कपलर मिळतात. पण घाई असलेला माणूस कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाल-निळ्या थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या टोपीच्या पिना) उचलून आणतो. त्या गाडीवर नकोत. तुमच्या गाडीच्या कपलरमध्ये त्या बसतही नाहीत, म्हणून मग कपलर कापला जातो आणि आपण परत पीळ-टेपवर येतो.

पिन दाबताना दोन जोड्या पाकळ्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर, मागची प्लास्टिकवर. साध्या पकडीने दाबलं तर पाकळ्या नुसत्या आडव्या होतात. पाकळ्यांची टोकं आत वळून तांब्यात घुसायला हवीत, आणि त्यासाठी उघड्या पिनांची क्रिम्पिंगची पकड लागते. गाडीवर एवढा खर्च करता, ही एक पकड घ्याच. दाबून झालं की तार ओढून बघा. मी प्रत्येक पिन ओढतो, हाताला सवयच लागलीय.

आणि एक नियम कधीही मोडू नका. ज्या बाजूने बॅटरीचा करंट येतो तिथे झाकलेली मादी, बल्ब-हॉर्नच्या बाजूला उघडी नर. उलट केलं तर कपलर सुटल्या क्षणी जिवंत पिन फ्रेमला लागणार.

पावडर कोटिंगवर अर्थ

फ्रेमला पावडर कोटिंगचा (भट्टीत भाजलेला) रंग देऊन आणला की अर्थची थिंबल त्या सुंदर रंगावर तशीच आवळतात. रंगातून करंट जात नाही. बोल्टखालचा रंग खरवडा, लोखंड उघडं करा, आवळून झाल्यावर वरून थोडं व्हॅसलिन लावा. इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत मला अर्थच खराब सापडला.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावू नका. वायरिंग पेटतं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थ बाजू आधी सोडा आणि सगळ्या जोडांचे फोटो काढा.

हेडलाइटच्या तारेवर मीटर डीसीवर ठेवून "करंटच येत नाही" म्हणू नका. आरएक्सचा हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनाबरोबर फिरून वीज देणाऱ्या मॅग्नेटवरून एसीवर चालतो, मीटर एसीवर घ्या.

एक कपलर खराब म्हणून अख्खं स्वस्तातलं वायरिंग किट बदलू नका. त्यातली तार बारीक, रंग भलतेच, पुढच्या माणसाला काही कळत नाही.

मीटरच्या 'बीप'वर विश्वास

मल्टिमीटर वाजला म्हणजे तार चांगली, असं नवी मुलं समजतात. तारेतला एकच केस शाबूत असला तरी मीटर वाजतो. दिवा मात्र पेटत नाही. मी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन तारांवर जोडून ठेवलाय. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो. संशयित तारेतून तो पूर्ण उजेडाने पेटला तरच तार पास. मिणमिणला तर तार कुठेतरी आतून तुटलेली आहे. अशा वेळी आधी हँडलच्या मानेजवळ बोटांनी चाचपून बघा. तुटलेल्या जागी तार एकदम लुळी लागते.

सगळं जुळलं की क्लिपा लावण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत फिरवून वायरिंगला ढील किती लागते ते बघा, मगच बांधा. साताऱ्याच्या गाडीला नवा चार पिनांचा कपलर टाकला, वायरिंग मानेपासून दोन बोटं लांब घेतलं, आणि इंजिन चालू ठेवून हँडल दहा वेळा डावीकडे नेलं. त्यानंतर टाकी बसवली.