मारो वारो क्यारे?

बडोद्याच्या एका प्राथमिक शाळेत मला दुसरीचा वर्ग मिळाला, आणि चित्रकला अन् खेळाचे तासही माझ्याच गळ्यात पडले. तुम्ही नवे शिक्षक असाल तर तुमच्याही पडतील. शिक्षण हक्क कायदा (२००९) कला आणि शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक (म्हणजे अर्धवेळ शिक्षक) सांगतो, पण सहावी ते आठवीला, तेही पट शंभराच्या वर असेल तर. खाली वर्गशिक्षकच सगळं.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडे चाळीस मुलं आणि एक चेंडू. रांग लावली, एकेकाने फेकायचा. मागून सारखं, "बेन, मारो वारो क्यारे?" (बाई, माझी पाळी कधी?) अर्ध्या तासात एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मिनिट, उरलेला वेळ ढकलाढकली. मला वाटलं मुलं वांड आहेत. वांड नव्हती, रिकामी होती.

तेव्हापासून तास आखताना मी एवढंच बघते की उभं कोण राहणार. खो-खो झकास खेळ, पण त्यात एक पाठलाग करतो, तिघं पळतात, बाकीची नुसती बसून. तो मोठ्या वर्गांना. दुसरीला विषामृत, साखळी. लंगडी सगळ्यांनी एकदम, भिंतीपर्यंत जायचं, पाय बदलून परत. चेंडू कमी असतील तर जुन्या मोज्यांत चिंध्या भरा. आया आनंदाने शिवून देतात (आनंदाने म्हणजे, दोनदा सांगितल्यावर). शिट्टी मी सोडली. गरब्याच्या तीन टाळ्या दिल्या की इथली मुलं आपोआप थांबतात.

चित्रकलेतही रांग लागतेच, पाण्याच्या वाटीपाशी. चौघांत एक वाटी, एक फडकं. पाठकोरे कागद ओळखीच्या ऑफिसांतून मागून आणा. आणि फळ्यावर चित्र काढून देऊ नका, नाहीतर चाळीस वेळा दोन डोंगर आणि मधे सूर्य. बडोद्यात कुठले दोन डोंगर? पावागड तेवढा, तोही पन्नासेक किलोमीटरवर.

पावसाळ्यात मी विचारलं, विश्वामित्री नदीतली मगर कोणी पाहिली? सगळ्यांचेच हात वर. आधी हॉलमध्ये सतरंजीवर मगरचाल केली, पोट जमिनीला, जोर कोपरांवर. मग कागद दिले. त्या दिवशीच्या मगरींचे पाय खांबांसारखे उभे नव्हते, बाजूला फाकलेले होते. एकीने तर पोटातला मासाही दाखवला. आत काय आहे ते माहीत असतं, म्हणून या वयात मुलं तेही काढतात. खोडायला लावू नका.

खरा त्रास मोठ्यांचा. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, जुम्मादादा व्यायाम मंदिर याच गावातलं, विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासूनची. तरी परीक्षा आली की चित्रकलेचा तास पहिला गणिताकडे जातो. नव्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, मलाही आलं नाही. मागच्या खेपेला तास दिला, पण बदल्यात शनिवारचा शेवटचा तास वेळापत्रकात मुख्याध्यापकांच्याच अक्षरात लिहून घेतला.