गुप्तचरांची विमान कंपनी कागदपत्रांवरून कशी ओळखावी

एखादी जुनी विमान कंपनी गुप्तचर संस्थेचे पांघरूण होती का, हे तपासायचे असेल तर विमानांपासून नव्हे, मालकीपासून सुरुवात करावी. ‘एअर अमेरिका’चेच पाहा: १९४६ साली चीनमध्ये उभी राहिलेली ‘सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट’ सीआयएने १९५० मध्ये ताब्यात घेतली, १९५९ मध्ये तिचे नाव बदलले आणि मालक म्हणून डेलावेअर राज्यात नोंदलेली एक कंपनी पुढे केली, जिच्यापलीकडे सहसा कोणी पाहत नसे.

मग गिऱ्हाईक कोण, ते शोधावे. लाओसच्या डोंगरांत ही विमाने तांदळाची पोती टाकत, आणि तो तांदूळ खराच असे. खरा धंदा नसेल तर पांघरूण टिकणार कसे?

छायाचित्रांखालच्या ओळींवर मात्र विसंबू नये. २९ एप्रिल १९७५ च्या, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावमधील प्रसिद्ध छायाचित्रात माणसे शिडीने हेलिकॉप्टरकडे चढताना दिसतात, आणि ते अमेरिकी वकिलातीचे छप्पर असल्याचे सर्रास छापले जाते. प्रत्यक्षात ती जिया लाँग रस्त्यावरील २२ क्रमांकाची निवासी इमारत असून हेलिकॉप्टर ‘एअर अमेरिका’चे आहे.

एवढे झाल्यावर गुप्तचर संस्थांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या, अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीच्या १९७६ च्या अहवालातील, सीआयएच्या मालकीच्या कंपन्यांवरचे प्रकरण काढून आपल्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहाव्यात.