आठवणीतला जर्मन चाकू शोधताना

लहानपणी पाहिलेला घडीचा जर्मन चाकू पुन्हा शोधायचा असेल, तर नेटवर फोटो बघायच्या आधी कागद घ्या आणि मिटलेला चाकू आठवेल तसा, खऱ्या मापात काढा. पुठ्ठ्यावर कापून मुठीत धरून पाहा. एकदा पन्नास फोटो नजरेखालून गेले की त्यातलाच एखादा ‘हाच तो’ वाटायला लागतो. लांबी फारशी धरून बसू नका; बारा वर्षांच्या पोराच्या मुठीबाहेर डोकावणारा चाकू मोठेपणी मुठीत लपतो. पातं उघडायचं कसं, मिटायचं कसं, आवाज कसला यायचा, हे जास्त खात्रीचं.

मूठ दुमडलेल्या काळ्या पत्र्याची, तिच्यावर झेपावणारं मांजर आणि ‘के ५५ के’, पाठीवरची जिभली दाबल्याशिवाय पातं मिटत नाही, शेवटी तारेची कडी: हा मर्केटर. पातं सुमारे ९ सेंमी, मिटल्यावर ११. लाकडी मूठ, मागे ओढायची रिंग, उघडताना कडकड दातऱ्यांचा आवाज: तो ओकापी. दोन्ही मूळचे जर्मनीतल्या झोलिंगेनचे, आणि आठवणीत दोघांची सरमिसळ हमखास होते.

आता शिक्का. तो पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून असतो. ‘झोलिंगेन’ हे गावाचं नाव, ‘रोस्टफ्राय’ म्हणजे न गंजणारं. दोन्ही कंपन्या नव्हेत. कंपनी चित्रावरून कळते: झाड म्हणजे ब्योकर, दोन माणसांची जोडी म्हणजे हेन्केल्स. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर काळ १९४९ ते १९९०. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर त्यावरून काळ ठरवू नका. पूर्वी मर्केटर बनवणाऱ्या काउफमान यांच्या जुन्या शिक्क्यात ‘इंडियावेर्क’ सापडतं. म्हणून चाकू भारतात बनला असं नाही.

शोध जर्मन स्पेलिंगने घ्या: ‘टाशेनमेसर’ (Taschenmesser, खिशातला चाकू), ‘क्लापमेसर’ (Klappmesser, घडीचा चाकू), मर्केटरसाठी ‘काट्झेनमेसर’ (Katzenmesser, मांजराचा चाकू). घरातली अडगळ विकणाऱ्याला मॉडेलचं नाव ठाऊक नसतं, त्यामुळे स्वस्तातला माल अशाच साध्या शब्दांखाली पडून असतो.

विकणाऱ्याकडून चार फोटो मागा: उघड्या चाकूच्या दोन्ही बाजू, शिक्का जवळून, आणि मिटलेला चाकू वरून. मिटल्यावर टोक मुठीबाहेर येत असेल तर टोक मोडून नवं काढलेलं असू शकतं. नख अडकवायची खाच धारेच्या फार जवळ आली असेल तर पातं धार लावून लावून झिजलंय. आरशासारखं चकचकीत पातं पाहून खूश होऊ नका. पॉलिशमध्ये शिक्का पुसट होतो. उघड्या पात्याला आडवं हलवल्यास डुगडुगतं का, हेही विचारा.

मर्केटर आजही झोलिंगेनमध्येच बनतो; बनवते ती ऑटर-मेसर ही कंपनी. नव्यावर ओरखडे पाडून ‘जुना’ म्हणून विकणं अवघड नाही, तेव्हा ‘जुना’साठी जास्तीचे पैसे शिक्का पटल्यावरच द्या. भारतात मागवताना सांबरशिंगाची मूठ आणि खटका दाबताच आपोआप उघडणारं पातं, दोन्ही अडचणीची. पैसे भरण्याआधी कस्टमचा नियम विचारून घ्या.

हातात आल्यावर सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दहा-बारा वेळा उघडझाप, बाहेर आलेली काळी घाण फडक्याने पुसा. पॉलिश पेपर लावू नका.