आम्लकारी पदार्थांचा ताटात तोल कसा साधावा

लिंबू आंबट, म्हणून ते आम्ल वाढवतं हा समज चुकीचा. पचनानंतर काय उरतं ते महत्त्वाचं. प्रथिनांतल्या गंधकापासून आम्ल तयार होतं. फळं-भाज्यांतल्या पोटॅशियमच्या क्षारांमुळे ते शमतं. रेमर आणि मान्झ या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलेल्या आम्लभाराच्या कोष्टकात (अधिक म्हणजे आम्ल वाढवणारा पदार्थ, उणे म्हणजे शमवणारा) दर 100 ग्रॅमला अंडं सुमारे +8, कच्चा पांढरा तांदूळ +4.6, दूध +0.7, बटाटा −4, केळं −5.5, पालक −14 आणि बेदाणे −21 असे आकडे आहेत.

म्हणजे दोन अंड्यांची भुर्जी आणि वाटीभर भात असेल, तर सोबत 100 ग्रॅम कच्च्या पालकाची भाजी पुरते. मटण किंवा चिकन असेल तेव्हा भाजी दुप्पट घ्या. नेमकं त्याच दिवशी आपण कांद्याच्या दोन चकत्यांवर भागवतो! भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका. पोटॅशियम त्यातच उतरतं. अंगच्या रसात शिजवा, नाहीतर ते पाणी आमटीत घाला.

रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) 7.35 ते 7.45 असा फुप्फुसं आणि मूत्रपिंडंच राखतात. आहाराने बदलतो तो लघवीचा सामू, आणि युरिक आम्लाचे खडे होणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग. छातीतली जळजळ हा वेगळा विषय.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम वाढवणं धोक्याचं, आधी डॉक्टरांना विचारा. ऑक्झलेटचे खडे झालेल्यांनी पालकाऐवजी दुधी, कोबी घ्यावा.