‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही: गरवारीच्या घरच्यांसाठी

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात मी आशा सेविका आहे. हे लिहितेय ते गरवार बाईपेक्षा तिच्या सासूसाठी आणि नवऱ्यासाठी. रात्री गाडी काढायची का नाही, हे अजून तेच ठरवतात.

आधी बीपी. सून धडधाकट दिसली की घर निर्धास्त असतं, आणि नेमकं तिथंच फसतं. पाचव्या महिन्यानंतर चढणारं बीपी बाईला बहुतेक वेळा जाणवतच नाही. मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही. उपकेंद्रात आल्या आल्या धापा टाकत हात पुढं करायचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसायचं, पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, दंड छातीच्या रेषेत ठेवायचा. मशीन चालू असताना गप्प बसायचं, आणि आमच्या बायकांना तेवढंच जमत नाही. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लघवीतलं प्रोटीन तपासायचं. वरचा 160 किंवा खालचा 110 असेल तर घरी परतायचंच नाही, तिथूनच मोठ्या दवाखान्यात.

पाय बऱ्याच जणींचे सुजतात. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, बांगड्या एकाएकी मनगटात रुतायला लागल्या, डोकं ठणकतंय ते थांबत नाही, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखतंय, यातलं एक जरी असलं तरी निघायचं. ‘‘काय नाही, रश्शानं पित्त झालंय तिला,’’ असं सासूबाई सांगतात. असेलही पित्त, पण बीपी मोजल्यावर ठरवू की. आणि जेवणातलं मीठ तोडून हे बीपी उतरत नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानं बंद करू नका.

बीपी चढून झटका (फिट) आलाच तर चप्पल हुंगवायची नाही, कांदा नाही, दातात चमचा नाही, तोंडात पाणी नाही. डाव्या कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोचणारं सामान बाजूला सारायचं आणि 108 लावायचा. अंगात आलंय म्हणून अंगारा लावत बसलेलं घर मी पाहिलंय. झटका थांबून ती बोलायला लागली तरी न्यायचंच.

रक्ताचं तसं सोपं आहे, फक्त गोळ्या पोटात जायला पाहिजेत. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे कमी, 7 च्या खाली म्हणजे गोळीवर भागत नाही. चौथा महिना लागला की लोहाची गोळी रोज एक, किमान 180 दिवस. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. संडास काळी होते, त्याला घाबरायचं नाही. दुधावरून आठवलं, कोल्हापुरात गंगावेशीत मिळणारं धारोष्ण दूध गरवारीला नको, उकळलेलंच द्या.

साखरेची तपासणीही चुकवू नका. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 140 किंवा जास्त आली तर डॉक्टर आहार सांगतील, लागलं तर औषध. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरवारींची मोफत तपासणी असते, तिथं हे सगळं विचारता येतं.

अंगावरून रक्त गेलं, थोडं असो वा जास्त, दुखत असो वा नसो, थांबायचं नाही. पाणी गेलं, ताप आला, तरी तसंच. सातव्या महिन्यानंतर बाळ रोजच्यापेक्षा कमी हलतंय वाटलं तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यायचं. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर निघायचं. अजिबात हलत नसेल तर दोन तासही थांबायचं नाही.

आता तयारी. माता-बाल कार्ड, सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी दारामागं अडकवलेली. माहेरी बाळंतपणाला जाताना पोरी साड्या नेतात आणि फाईल सासरीच राहते, मग तिकडच्या डॉक्टरांना मागचं काही कळत नाही. गाडी कुणाची, चालवणार कोण, रक्त द्यायला कोण येणार, हे आठवा लागायच्या आत बोलून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त मोफत असतं, त्यामुळं पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, जायचं असेल तर आमच्या केंद्रातून चिठ्ठी आणि फोन, दोन्ही घ्या.

तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर नदीचा हिशेब वेगळा. 2019 आणि 2021 च्या पुरात चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांनी काय भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा पातळीवर येते, 43 ला धोका पातळी. बाकीचं घर 43 ची वाट बघू दे, नववा लागलेल्या बाईला 39 च्या आधीच शहरात किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडं हलवा. बीपीवाली असेल तर त्याहून आधी.

आणि बाळंतीण घरी आली म्हणून पिशवी माळ्यावर टाकू नका. झटका बाळंतपणानंतरही येतो, तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर तोही जीवावरचा रक्तस्राव. सव्वा महिना होईपर्यंत पिशवी दारामागंच राहू द्या, आणि तिचं डोकं दुखलं तर बाळाला काकीकडं देऊन तिचं बीपी मोजायला घेऊन या.